अर्थ सांगता आला तरच शब्द

राजारामपुरी, कोल्हापूर
१४ नोव्हेंबर २००३

प्रिय शिवानी,

तू माहेरी गेलीस की मी पत्राला 'चि. सौ.' असा मायना घालायचो. आता काय घालावं, यात अर्धा तास गेला. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं मसुदे लिहिलेल्या माणसाला मायना सुचू नये म्हणजे कमालच झाली. शेवटी 'प्रिय' लिहिलं, रागावू नकोस. हुपरीचं स्थळ मोडल्याचं शेजारच्या झुंबरबाईंनी सांगितलं. ते का मोडलं, हे तुझ्या घरी कुणालाच कळलं नसेल. मला ठाऊक आहे. ते माझ्यामुळं मोडलं.

सगळं सांगतो, पण धीर गोळा करायला जरा वेळ दे. दुपारचे तीन वाजलेत. आपल्या खेळण्याची वेळ. तू गेल्यापासून दोन वर्षं मी एकटाच स्क्रॅबलचा पट मांडतो. तुझी सात अक्षरंही मीच उचलतो, तुझ्या बाजूला जाऊन बसतो आणि तुझ्या वतीनं खेळतो. तरी बहुतेक वेळा तूच जिंकतेस. झुंबरबाईंनी खिडकीतून एकदा मला खुर्ची बदलताना बघितलं आणि गल्लीभर केलं, की हंबीररावांचं काही खरं नाही. बाई चुकीचं बोलल्या नाहीत.

तू सून होऊन आलीस तेव्हा बरोबर भांड्यांच्या सेटाऐवजी हा स्क्रॅबलचा खोका आणलास, यावर मीच नाक मुरडलं होतं. नंतर त्याचं वेड मलाच लागलं. तुझा नियम मात्र जाचक. शब्द डिक्शनरीत असून भागायचं नाही, त्याचा अर्थ मराठीत सांगायचा, तोही आपल्या घरातलं काहीतरी दाखवून. नाहीतर अक्षरं परत उचलायची. मी 'झॅक्स' लावून एकोणीस गुण मोजत बसलो होतो, तर तू अर्थ विचारलास. छपरासाठी दगडी पाट्या तासायचं हत्यार, हे पाठ होतं. पण आपल्या घराला स्लॅब! अक्षरं उचलायला लावलीस, दुष्टे. 'ऑक्सटर' म्हणजे स्कॉटलंडकडच्या बोलीत काख, हे मी वर्तमानपत्र काखेत मारून आलो तेव्हा तू लावलंस. 'येक्स' म्हणजे उचकी. तेव्हा आमचा पृथ्वीराज पुण्यात नोकरीला होता, आणि तुला उचकी लागली की मी म्हणायचो, बघ, आठवण काढतोय. तू हसायचीस. त्या हसण्यात काय होतं, हे मला फार उशिरा कळलं. सी-डब्ल्यू-एम, स्वर नसलेला 'कूम', त्यावर तर आपलं भांडण झालं. डोंगराच्या कुशीतला खोलगट भाग घरात कुठून दाखवणार? तू माहेरचा फोटो काढलास. गगनबावड्याच्या कड्याखाली धुकं साठलेलं. 'हेही माझं घरच आहे की मामा,' म्हणालीस. मी हरलो.

गेल्या वर्षी मला 'अलिज' सापडला. पिंप किंवा बाटली भरताना वर जी थोडी मोकळी जागा राहते, तिला इंग्रजांनी चक्क शब्द ठेवलाय. इतका आनंद झाला, आणि सांगायला कुणी नाही. सकाळी दूधवाला पिराजी आला, त्यालाच सांगितलं. किटलीत बोट दाखवून म्हटलं, ही वरची मोकळी जागा बघ. तो भडकला. म्हणाला, "माप पुरं हाय की मालक! शंका असंल तर दुसरा गवळी बघा." दोन दिवस दूध आलं नाही. शिवानी, मला तुझी फार आठवण येते.

आता ती दिवाळी. पट मांडलेला होता आणि पृथ्वीराज पुण्याहून येऊन उभ्याउभ्याच म्हणाला, की मला हिच्यापासून वेगळं व्हायचंय, हिचं घरात लक्ष नाही. तू माझ्याकडं बघितलंस. मी खाली मान घालून अक्षरं सरळ करत बसलो. त्याचं पुण्यात दुसरीकडं जुळलंय, हे त्यानं मला चार महिने आधीच सांगितलं होतं. रोज दुपारी तुझ्यासमोर बसून मी ते गिळत होतो. स्कॉटलंडमधल्या काखेचं नाव मला पाठ, आणि मराठीत एक वाक्य तोंडातून निघालं नाही.

पुढचं याहून वाईट आहे. दुसरेपणाचं स्थळ म्हणून मागच्या महिन्यात हुपरीची माणसं तुझ्या आधीच्या सासरी, म्हणजे माझ्याकडं, चौकशीला आली. नवऱ्या मुलाची आत्या चिमणाबाई सोफ्यावर टेकल्या आणि त्यांनी थेट विचारलं, "आमच्या जोतीरामाची पयली बायकू वारली. पोरगी कशी हाय, तेवढं सांगा की पावणं." मी म्हटलं, चहा घ्या. त्यांनी पुन्हा विचारलं. मी साखर हलवत राहिलो. पहिला सासरा गप्प बसतो म्हणजे सुनेत काहीतरी खोट असणार, असंच कुणीही समजेल. तेही तसंच समजले आणि उठून गेले. मी गप्प का बसलो? या वेळी मुलाची अब्रू झाकायची नव्हती. तुझं लग्न झालं, की एखाद्या दुपारी तू दारात उभी राहशील ही माझी वेडी आशा संपणार होती. स्वतःच्या करमणुकीसाठी मी तुझा संसार अडवला.

काल सकाळच्या एसटीनं हुपरीला गेलो. घरातच चांदीचा कारखाना, पाचसहा जण पैंजणं जोडत बसलेले. सगळ्यांसमोर सांगितलं, की दोष माझ्या मुलाचा होता, मला माहीत होता आणि मी लपवला. तुमच्या घरी येईल ती माणसं जोडणारी पोर आहे. चिमणाबाईंनी विचारलं, "मग त्या दिशी का बोलला न्हाईसा?" म्हटलं, भित्रा आहे म्हणून. जोतीराम काम थांबवून ऐकत होता. त्यानं उठून मला पाणी दिलं. पुढच्या रविवारी ते तुझ्या वडिलांकडं येतायत. ते आले की गोंधळू नकोस, एवढ्याचसाठी हे पत्र. माणूस मनाला आला तरच हो म्हण. आणि या पत्राला उत्तर लिहू नकोस, पोरी. नव्या घरात आधीच्या सासऱ्याशी पत्रव्यवहार बरा दिसणार नाही. मीही पुन्हा लिहिणार नाही.

तुझाच,
मामा