मिटलेली निळी फुलं

प्रिय बेर्मेत,

आम्ही सगळे सुखरूप आहोत, हे आधी सांगते. कुरणावरच्या गारपिटीची बातमी तिकडे ओश शहरापर्यंत पोचली असेलच. खिंडीपलीकडच्या लोकांची बरीच जनावरं गेली. आपली वाचली, आणि नाझिकही.

तुझी ही भाची आता तुझ्यासारखीच ताठ बसते घोड्यावर. त्या सकाळी ती एकटीच मेंढरं घेऊन वरच्या उतारावर गेली होती. मी ओढ्यावर पाण्याला गेले. ऊन लख्ख पडलेलं, आणि पायाशी ती बोटभर उंचीची निळी फुलं मात्र पीळ घालून मिटलेली. नवी नवरी म्हणून इथं आले तेव्हा मला धड घोडीचं दूध काढता येत नव्हतं; साऱ्या बायका तोंडावर हात ठेवून हसायच्या. तू तेवढी मला ओढ्यावर नेऊन गवतात बसवलंस आणि म्हणालीस, "वहिनी, नुसतं आभाळाकडे बघू नकोस. भर उन्हात ही मिटली, की जनावरं खाली आणायची."

मी धावत येऊन तुझ्या दादाला सांगितलं. मेदेर खोगीर शिवत होता. म्हणाला, "आता फुलं मला मेंढ्या राखायला शिकवणार?"

"तुझ्या बहिणीनं शिकवलंय," मी म्हटलं.

तू गेल्यापासून आमच्या राहुटीत तुझं नाव कुणी काढलं नव्हतं. त्यानं सुई टाकली. मग घोड्यावर बसला.

बापलेक मेंढरांसह कड्याच्या आडोशाला पोचले आणि अक्रोडाएवढ्या गारा कोसळल्या. सगळा उतार पांढरा झाला. घरी आल्यावर तो नाझिकला जवळ घेऊन बसून राहिला; चहा निवून गेला. शेवटी म्हणाला, "बेर्मेत अजून चिडली असेल का गं?"

मी म्हटलं, "चिडलास तू. तिनं फक्त आवडलेल्या माणसाशी लग्न केलं."

तो उठून गेला नाही, बेर्मेत. मान डोलावली.

हे पत्र त्यानंच लिहायला लावलंय. समोर बसून गरम तळलेले बोरसोक खातोय आणि सारखा "काय लिहिलंस?" विचारतोय. त्याचा निरोप असा: "नवऱ्याला घेऊन ये. मी घोडे घेऊन खाली रस्त्यावर थांबतो." माझी लेक आज माझ्याजवळ आहे ती तुझ्यामुळे. लवकर ये, मला तुला पोटाशी धरायचंय.

तुझीच वहिनी,
उल्कान