राहिलेला दुसरा रविवार

प्रिय टाचणी,

या नावानं तुला आता कुणी हाक मारत नसेल. गायनमंडळातल्या बायका तुला काकू म्हणतात, खालचा पाववाला शिलाईवाल्या बाई म्हणतो. पण ओठांत टाचण्या धरून नुसती मान हलवत हो-नाही सांगणारी मुलगी मला अजून तशीच दिसते, म्हणून लिहिलं. आवडलं नाही तर खोडून टाक. माझी शाळा चौथीलाच सुटली, तेव्हा अक्षराबद्दल काही बोलू नकोस. हे पत्र आमच्या सूनबाईच्या हाती पाठवणार नाही. ती पाकीट वाफेवर धरून उघडेल असा मला संशय आहे, आणि हल्ली माझे संशय खरे ठरायला लागलेत. तुझी दुरुस्त केलेली खुर्ची घेऊन मीच येईन, पत्र तुझ्या डाव्या हातात देईन आणि जिना उतरून निघून जाईन. तू वाचत असताना मी समोर नको.

शनिवारच्या गाडीनं लेकाकडे जायचं तू ठरवलंयस. "ही खोलीच मला नको म्हणतेय," असं परवा म्हणालीस. खुर्ची बसल्या बसल्या मोडली, उजवं मनगट मुरगळलं, डॉक्टरांनी बरेच दिवस सुई हातात धरू नका म्हणून सांगितलं, आणि तू त्यात खूण बघितलीस, की या वयात एकटीनं इथं परत यायलाच नको होतं. त्यावर मी काय बोललो? जोडाला लावलेला सरस नीट वाळू द्यावा लागतो, एवढंच. जिना उतरताना वाटलं, आपल्याच डोक्यात हातोडी घालावी. तर ती खूणबिण काही नव्हती, टाचणे. त्या खुर्चीबद्दल मला जे कळलंय ते गाडीत बसायच्या आधी तुझ्या कानावर पडायला हवं. पण त्यासाठी मला पुस्तकांपासून सुरुवात करावी लागेल.

चर्चच्या मागच्या खोलीत पाळकसाहेबांच्या बायकोनं, आपल्या पाळकबाईंनी, एक कपाट ठेवलंय, तुला माहीतच आहे. दारं मीच बसवली होती. त्यात सगळ्या प्रेमाच्या कादंबऱ्या. सोज्ज्वळ हं, मधूनमधून प्रार्थना असते, शेवटी लग्न असतं. बायका उपासना संपली की तिथं जमतात आणि पुस्तकं अदलाबदल करतात. आमची सूनबाई त्यांच्यात पुढारी. डाव्या हातात पुस्तक, उजव्या हातात डाव, आणि भाजी खाली लागलेली. मुखपृष्ठावर दरवेळी एक मुलगी पाठमोरी उभी, समोर समुद्र नाही तर सफरचंदाची बाग. तोंड का लपवते ते मला कळत नाही. मी सूनबाईला विचारलं तर म्हणाली, "बाबा, ती वाट बघतेय." मी म्हटलं, माणूस वाटेकडे तोंड करून वाट बघतो की समुद्राकडे? ती म्हणाली, "तुम्ही एक वाचून बघा, मग बोला." आणि लगेच एक पुस्तक माझ्या हातात. लगेच. जणू पदराखाली तयारच ठेवलं होतं. तिथंच मी सावध व्हायला हवं होतं.

वाचलं मी. बोट ओळीखाली धरून, हळूहळू. नवरा गेलेली एक बाई आपल्या जुन्या गावी येते, तिथं तिचा जुना माणूस असतो, तो अजून एकटाच. तिच्या घराची पायरी मोडते. तो ती बसवायला येतो. पाऊस लागतो, त्याला थांबावं लागतं, ती त्याला काहीतरी गरम प्यायला देते. मग तो एका दुपारी अख्खा व्हरांडा बांधून काढतो आणि संध्याकाळी दोघं त्यावर बसतात. रंग कधी वाळला? लिहिणाऱ्या बाईनं आयुष्यात रंधा बघितलेला नाही. बरं, ती नायिका रात्री डोळे मिटून देवाकडे मागते आणि पान उलटलं की दारावर थाप. आमच्या हिच्या आजारपणात मीही मागितलं होतं. मला कुणी पान उलटून दिलं नाही. देवावर माझा राग नाही, पण देव इतका वेळेवर येतो असं कुणी सांगायला लागलं की मी खिसा चाचपतो. आणि आणखी एक. त्या पुस्तकांत पहिली बायको आधीच मेलेली असते, भिंतीवर तसबीर, फार गुणी होती म्हणून एक ओळ. दुसरी संधी मिळायला आधी कुणालातरी मरावं लागतं, हे तिथं कुणी बोलत नाही. माझी बायको तसबीर नव्हती. ती घोरायची, माझ्यावर ओरडायची, आणि तिच्या हातचं घर नीट चाललं होतं. तुझा नवराही तसाच कुणीतरी खरा माणूस असणार.

म्हणून वर्षापूर्वी तू इथं परत आलीस तेव्हा मी तुझ्याशी तुटक वागलो. पहिल्याच रविवारी तू तिसऱ्या बाकावर बसलीस, बरोबर माझ्या पुढं. चर्च अर्धं रिकामं असताना. मला वाटलं, हिला इथं कुणी बसवलं? मागं बघितलं तर पाळकबाई आणि सूनबाई एकाच स्तोत्राच्या पुस्तकात तोंड घालून हसत होत्या. पुढच्या आठवड्यात गायनमंडळाच्या झग्यांचं काम तुला मिळालं आणि ते अडकवायची दांडी बसवायला मला बोलावणं आलं. दांडी चांगली होती. मी काढून परत तीच बसवली. तू म्हणालीस, "खिळ्या, तू अजून तसाच आहेस." तसाच म्हणजे कसा, ते तू सांगितलं नाहीस, आणि मी तीन दिवस त्याच्यावर विचार करत बसलो.

कारण तुझ्या बाबतीत माझा एक जुना संशय आहे. आपली नावं चर्चमध्ये एकदा वाचली गेली होती. लग्नाआधी तीन रविवार वाचायची, कुणाची हरकत आहे का विचारायचं, ही आपली रीत. पहिला रविवार झाला. कुणी हरकत घेतली नाही, माझ्या आईनं तर आनंदानं रुमाल काढला. आणि दुसऱ्या रविवारच्या आत तुझी बहीण बाळंतपणात गेली, तू तिची दोन लेकरं बघायला गेलीस आणि तिथंच राहिलीस. लेकरांना आई हवी होती, मेहुण्यांना बायको. तुझ्या बाबांनी येऊन मला सगळं सांगितलं, मी हो हो म्हटलं. तुला दोष द्यायला जागाच नव्हती. पण जागा नसली तरी संशय बसतोच कुठंतरी. ती रडत गेली की हसत गेली? तिला सुटल्यासारखं वाटलं का? माझं लग्न झालं, मुलगा झाला, नातवंडं झाली, तरी हा प्रश्न चपलेतल्या खड्यासारखा. टोचायचा नाही, पण आहे हे कळायचं.

आता खुर्ची. त्या दिवशी सूनबाई हातगाडीवरून ती घेऊन आली. चेहरा उतरलेला, नजर चुकवत म्हणाली, "काकूंची खुर्ची मोडली, बाबा. बघा जमतंय का." तू पडलीस हे तिनं सांगितलंच नाही. मी मागचा पाय उलटा करून बघितला. लाकूड मोडतं तेव्हा धाग्याधाग्यानं फाटतं, दातांनी ऊस सोलावा तसं. या पायाचा थोडा भाग तसा फाटला होता, पण त्याआधी आतल्या बाजूनं सरळ काप होता. करवतीचा. आणि तो जुना दिसावा म्हणून त्यावर काहीतरी चोळलेलं. मी वास घेतला. चहा.

मला वाटलं, हे तूच केलंस. रागावू नकोस. मला वाटलं, टाचणीनं मुद्दाम पाय कापला, म्हणजे खिळ्या खुर्ची बघायला येईल. माझ्यासारख्या माणसाला राग यायला हवा होता. खरं सांगू? तो संशय मला गोड लागला. दोन दिवस मी खुर्चीला हातच लावला नाही, नुसता तिच्याकडे बघत जुने खिळे सरळ करत बसलो. मग इस्त्रीचा सदरा घातला, सूनबाईला सांगितलं की कुठला रंग द्यायचा ते विचारून येतो, आणि तुझ्याकडे आलो. तू डाव्या हातानं दार उघडलंस. उजव्या मनगटावरची पट्टी बघितली आणि माझा गोड संशय तिथंच संपला. स्वतः पाय कापलेल्या खुर्चीत कुणी स्वतः बसत नाही.

घरी आलो ते सरळ अवजारांच्या भिंतीपाशी. लहान करवत मी दाते भिंतीकडे करून टांगतो, कुणाला लागू नये म्हणून. ती दाते बाहेर करून टांगली होती. सूनबाईला हाक मारली, करवत टेबलावर ठेवली. तिनं रडायलाच सुरुवात केली. "पाळकबाईंनी खुर्ची धरली, मी कापली," म्हणाली. तू गायनाच्या सरावाला गेलीस तेव्हा पाववाल्याकडून किल्ली घेतली, भाजीच्या पिशवीतून माझी करवत नेली. "थोडीच डुगडुगायला हवी होती हो बाबा. पुस्तकात पायरी नुसती डुगडुगते." मी म्हटलं, आणि ती बाई पडली त्याचं काय? तर म्हणे, "पुस्तकात पडली तर तो झेलतो." मी म्हटलं, इथं झेलणारा कुठं होता? त्यावर डोळे पुसत काय म्हणाली ऐक. "तो घरी खिळे सरळ करत बसला होता. वर्षभर तेच करतोय. म्हणून तर करवत न्यावी लागली." दोघी तुझ्याकडे माफी मागायला येणार आहेत. पाळकबाईंना तर झोप नाही. मी त्यांना थांबवलंय, म्हटलं आधी मी. त्यांच्यावर हवी तेवढी चीड, पण ती खोली तुला नको म्हणत नाही, टाचणे. दोन खुळ्या बायकांनी एक पाय जरा जास्तच खोल कापला, एवढंच झालं.

आणखी एक गोष्ट राहिली. त्या दिवशी तू पाणी आणायला आत गेलीस तेव्हा मला तुझ्या मशीनच्या मागं रिळं लावायची खुंट्यांची लाकडी घोडी दिसली. मीच करून तुला दिलेली, पहिल्या रविवारच्या आधी. पहिल्यांदा मनात काय आलं असेल? हीसुद्धा त्या दोघींनीच कुठून तरी आणून ठेवली. पुस्तकात अशी एक वस्तू असतेच, जपून ठेवलेली, नेमकी दिसेल अशी. म्हणून मी चोरासारखी ती उचलली आणि उजेडात धरली. एक खुंटी गेलेली, तिथं पेन्सिलीचा तुकडा ठोकलेला. आणि बाकीच्या खुंट्या मधोमध झिजून बारीक झालेल्या, रिळं फिरून फिरून, इतक्या गुळगुळीत की मला रंध्यानंसुद्धा तसं जमायचं नाही. चहा चोळून असं होत नाही. तू ती जपून ठेवलेली नव्हतीस. तू ती वापरत होतीस, रोज, दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याची लेकरं वाढवताना. तू पाणी घेऊन आलीस आणि मी सरसाबद्दल बोलायला लागलो. चपलेतला तो खडा मला त्यानंतर सापडलेला नाही.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगतो. मी काल पाळकसाहेबांकडे गेलो होतो. त्यांच्या बायकोचं गाऱ्हाणं घेऊन गेलो असं त्यांना वाटलं, बिचारे आधीच उभे राहिले. मी विचारलं, आपल्या नावांचा पहिला रविवार झालाय, मधे जरा वर्षं गेली, तर येत्या रविवारी दुसरा वाचता येईल का. ते म्हणाले, असं चालत नाही, पहिल्यापासून तिन्ही वाचावे लागतील. मी म्हटलं, पहिल्याला बाजा वाजवणारी आजी अजून हयात आहे, तिला विचारा. ते हसले, पण नियमावर अडून बसले. तर पहिल्यापासून म्हणजे पहिल्यापासून. तू हो म्हटल्याशिवाय ते तोंड उघडणार नाहीत, तेवढं मी त्यांच्याकडून वदवून घेतलंय. शनिवारची गाडी तुला पकडायची असेल तर पकड, लेकाला नमस्कार सांग, मी स्टेशनवर येऊन पिशव्या चढवून देईन आणि यातलं अक्षरही काढणार नाही. आणि रविवारी तू तिसऱ्या बाकावर असलीस तर ते आपली नावं वाचतील आणि कुणाची हरकत आहे का विचारतील. या मंडळीत हरकत घेण्यासारखा संशयी माणूस एकच आहे. तो तुझ्या मागच्याच बाकावर असेल, आणि त्यानं गप्प राहायचं कबूल केलंय. सूनबाईला मात्र आधी सांगू नकोस, ती पुस्तकांना श्रेय देत सुटेल. खुर्चीला मी पायच नवीन बसवलाय, जुना जोडला नाही. तरी बसण्याआधी एकदा हलवून बघ. मी बघितलीय. तरी तू बघ.

तुझाच,
खिळ्या