बघ तुझं तू

प्रिय ठकू,

अनेक आशीर्वाद. आधी एक गंमत. शेजारच्या काकूंना मी इतके दिवस सांगत होते की लेक अर्थाचा अभ्यास करते, आणि त्या मला मुदत ठेवीत किती व्याज मिळतं ते विचारायच्या. तू समजावलंस तेव्हा कळलं, हा अर्थ पैशातला नव्हे, बोलण्यातला!

तुझं काम मला आता थोडंफार उमगतं. माणूस लिहितो एका भाषेत, यंत्राला कळते दुसरी. तुमचा कंपायलर सगळं आधी एका मधल्या भाषेत आणतो, तिथे काटछाट करतो, मग पुढे धाडतो. या काटछाटीत मूळचा अर्थ ढळत नाही, हे तुला सिद्ध करायचंय. शिवाय तुझ्या त्या फंक्शनल भाषेत गरज पडल्याशिवाय काही मोजतच नाहीत. हे ऐकून मला ती भाषा आपल्याच घरातली वाटली बघ! आणि नेमकं तिथेच घोडं अडलं. एका काटछाटीत, जे कधी लागणारच नव्हतं ते आधी मोजायला घेतलं जातं, ते काही संपत नाही आणि चांगला चालणारा प्रोग्रॅम अडकून बसतो. तुझी सिद्धता पडली. गाईडबाई म्हणतात, पीएचडीला आणखी एक वर्ष. तू बाबांना विचारलंस, सोडून घरी येऊ का, तर ते म्हणाले, ‘बघ तुझं तू.’ तू फोनच ठेवलास.

अगं, तूच ना म्हणालीस, प्रोग्रॅममधलं वाक्य यंत्रावर चालवल्यावर पुढे जे घडतं तो त्याचा अर्थ? मग बाबांचं बघ की. तू सायकल शिकताना ‘बघ तुझं तू’ म्हणाले आणि अनवाणीच कोपऱ्यापर्यंत मागे धावले. परगावी शिकायला निघालीस तेव्हाही तेच, आणि मग दुपारभर तुझ्या बॅगेचा पट्टा शिवत बसले. बोटात सुई घुसली तरी मला हात लावू देईनात. मी देवापुढे बसून तासभर बडबडते, त्यांच्यापाशी शब्द एवढेच.

परवा तू फोन ठेवलास आणि ते तुझ्या खोलीत गेले. टेबलावरची आपली औषधं उचलली, खुर्ची पुसली. म्हटलं, पोरीला बोलावून घेताय वाटतं? संध्याकाळी बाजारातून लोकरीचे जाड पायमोजे घेऊन आले, तिकडच्या पुढच्या थंडीसाठी. किंमत ऐकून मी देवाचं नाव घेतलं. मोजे सोबत पाठवतेय, खोलीही तयार आहे. तू हवं ते ठरव, पण बाबा रागावलेत असं समजून ठरवू नकोस, एवढ्यासाठी लिहायला बसले. त्यांना म्हटलं, खाली दोन ओळी तुम्हीही लिहा. तर म्हणाले, ‘तूच लिही. तुझं तिला कळतं.’

तुझीच, येशील तेव्हाची आणि नाही आलीस तरीची,
आई