राजचिन्हाची कोरी पट्टी

कळमनुरी,
९ एप्रिल २००१

प्रिय शीतल,

बांगड्या भरायला आलेल्या बेबीबाईच्या टोपलीत हे पत्र सापडलं म्हणून घाबरू नकोस. तिला मी रंगांच्या डब्यांचा हिशेब आहे असं सांगितलंय. तिला खरं वाटलं असेल असं न्हाई, पण ती बोलणार न्हाई. आधी आतल्या खोलीत जा, मग वाच.

तुला आपलं राजचिन्ह आठवतं का? इतिहासाच्या सरांनी संस्थानिकांची चिन्हं दाखवली होती, दोन्ही बाजूंनी सिंह, वर मुकुट, मध्ये ढाल. तू मागच्या बाकावरून म्हणालीस, आपलं काहून न्हाई? मग चार दिवस आपण वहीच्या मधल्या पानावर तेच करत बसलो. ढालीच्या अर्ध्या भागात तुमच्या शेतातलं हळदीचं कांडं, कारण हळद शिजवायच्या दिवसांत तुझे हात पिवळेच असायचे. अर्ध्यात माझ्या आईचा विळा. सिंहाच्या जागी एकीकडे टिटवी, कारण तू म्हणायचीस की मी उगाच ओरडत सुटतो. दुसरीकडे तुमची एका शिंगाची शेळी, चांदी. मुकुट मात्र तू काढू दिला न्हाईस. त्या जागी चुंबळ काढायला लावलीस, पाण्याच्या हंड्याखालची. म्हणालीस, मुकुट नुसता बसून राहतो, चुंबळीवर वजन येतं. खालची पट्टी कोरी राहिली. तिथं काय लिहायचं ते मी सांगीन, तू आपल्या मनानं लिहू नको, असं बजावलंस.

ते पान वर्गातल्या एका पोरानं नोटीस बोर्डावर लावलं आणि सगळे चांदीवरून हसले. मी त्या पोराला दोन ठेवून दिल्या. सर माफीनामा लिही म्हणाले, तर मी शाळेतून नावच काढून घेतलं. तू पायरीवर उभी राहून म्हणत होतीस, दोन ओळी लिही रे, दोनच. मी मागं वळूनसुद्धा पाहिलं न्हाई. टिटवी बराबर काढली होतीस.

तेव्हापासून इथं नाक्यावर जीपा रंगवतो. प्रत्येक जीपच्या मागच्या कोपऱ्यात आपलं चिन्ह काढतो, काडेपेटीएवढं, पट्टी कोरी ठेवून. लोकांना वाटतं ही पेंटरची सही. सेनगाव लाईनीला अशा कितीतरी जीपा फिरून राहिल्या. एखादी तरी तुमच्या फाट्यावर थांबली असेल. तुला दिसली होती का? दिसली असेल तर इतके दिवस काहीच का कळवलं न्हाईस, हे विचारायचं धाडस आज करतोय.

परवा तुझे बाबा आले. मी त्यांना लगेच ओळखलं, ते तुझ्यासारखीच एक भुवई उचलून बोलतात. त्यांनी मला ओळखलं न्हाई. नवी जीप उभी करून म्हणाले, पेंटर, ते शेळीवालं चिन्ह आमच्या बॉनेटवर काढा, चांगलं ताटाएवढं. लेकीचं जमलंय, जावयाला जीप देऊन राहिलो. मग वाकून दुसऱ्या जीपवरचं चिन्ह बघत हसले. ही तर आमच्या चांदीवानी दिसून राहिली हो! माझ्या हातातला ब्रश डब्यात पडला. जाताना म्हणाले, ही पट्टी कोरी काहून ठेवली? इथं जावयाचं नाव टाका, सुरज. सोमवारी चारला नेतो.

आज सोमवार. काल दिवसभर मी ते चिन्ह काढलं. इतकी चांगली चांदी मी कधी काढली न्हाई. पट्टीपाशी येऊन हात थांबला. सुरजबद्दल मला काही तक्रार न्हाई, त्याला मी पाहिलंसुद्धा न्हाई. तो तुला पसंत आहे की न्हाई, एवढंही मला माहीत न्हाई. ह्या एकाच गोष्टीनं रात्र गेली.

आता खरं सांगतो. आज सकाळी सातला, तू सांगितलं होतंस ते विसरून, मी त्या पट्टीवर आपली दोघांची नावं लिहिली. पुन्हा तेच केलं, पुन्हा तुला न विचारता. बाबांनी ते वाचलं तर मला काय व्हायचं ते होईल, पण घरात जाब द्यायला उभं तुला केलं जाईल. आता त्यावर पोतं टाकलंय. ह्या उन्हात रंग दुपारपर्यंत ओला राहतो, तोवर रॉकेलच्या चिंधीनं पुसता येतो. पुढं खरवडावा लागेल. बेबीबाई बाराच्या जीपनं परत येईल. पट्टी तुझी आहे, म्हणून तूच सांग, पुसू की राहू देऊ. सुरजचं नाव लिही म्हणालीस तर तेही लिहीन, आणि अक्षरांना सावली देऊन चांगलं लिहीन. लांब पत्र नको. पट्टीवर बसेल एवढंच लिही. निरोप आलाच न्हाई तर मी पुसणार आहे. ह्या खेपेला टिटवी ओरडणार न्हाई.

चिंधी हातात धरून जीपपाशी बसलेला,
तुझाच,
प्रज्ञेश