आधी फिटिंग, मग तारीख

आई, लग्न होऊन मी वडनेर भोलजीच्या या घरात आले त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या फ्रिजने मला फेकलं होतं. हात ओले, पाय अनवाणी, दुधाचं पातेलं ठेवायला दार उघडायला गेले आणि बोटांपासून खांद्यापर्यंत अशी कळ गेली की दूध जमिनीवर आणि मी भिंतीला. तुम्ही पोळी लाटत होतात. लाटणं न थांबवता म्हणालात, "काऊन वं, चप्पल नाही घातली?" मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "आई, मला शॉक लागला." तुम्ही म्हणालात, "हाव, लागते तो. नवीन माणसाले लागतेच." जसा काही घरचा कुत्रा आहे, वास ओळखीचा झाला की चावणार नाही. मग मात्र उठलात, माझे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिलेत, साखरपाणी पाजलंत आणि दूध सांडल्याबद्दल जे बोललात ते अजून पाठ आहे.

त्याच आठवड्यात नांदुऱ्याच्या बाजारातून तुम्ही माझ्यासाठी निळे पट्टे असलेली रबरी चप्पल आणली. सासूकडून मिळालेली ती पहिली भेट. ज्या घरात पाहुण्याची चपलेसकट सावली उंबऱ्याच्या आत आली तरी तुम्ही पाणी शिंपडायचात, त्या घरात ही चप्पल थेट चुलीजवळ, देव्हाऱ्याच्या खाली ठेवलेली असायची. ती कधी बाहेर जायची नाही, म्हणून सोवळ्याची. हा निवाडाही तुमचाच. हळूहळू मी बाकीचे नियम शिकले. मोरीतलं बटण हाताने नाही, लाकडी चाटूने दाबायचं. मिक्सर चालू असताना पंखा बंद. पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला टेकायचं नाही, ती ओली झाली की चावते. पाहुणे आले की तुम्ही आधी पाणी द्यायचात आणि मग कुठे हात लावायचा नाही ते सांगायचात.

घरातली विजेची फिटिंग बदलायचं यांनी किती वेळा काढलं! एकदा तर वायरमनला घेऊनच आले. त्या माणसाने लाकडी पट्टीवरच्या वायरी पाहिल्या, फ्यूज उघडून आत तारेऐवजी बसवलेला तांब्याचा जाड तुकडा पाहिला आणि चहा अंगणात उभ्यानेच घेतला. "मावशी, याच्यानं फ्यूज उडत नाही, पण घर जळते," तो म्हणाला. तुम्ही अभिमानाने म्हणालात, "तेच तं! यांनी बसोला तवापासून एकदा बी नाही उडला." तुमचे 'हे' म्हणजे मामंजी. पोस्टातून रजा काढून त्यांनी हे सगळं स्वतः केलं होतं. वायरमन गेल्यावर तुम्ही पदराने ते काळं गोल बटण पुसत राहिलात आणि मला एवढंच म्हणालात, "त्यांच्या हातचं हे येवढंच उरलं." त्यानंतर हा विषय आम्ही काढला नाही. तुम्ही गेलात, तरी काढला नाही. इतक्या वर्षांत एवढंच झालं, की नियम सांगायचं काम माझ्याकडे आलं.

मागच्या वर्षी तुमच्या नातीला पाहायला सुलतानपूरची मंडळी आली. मुलगा, त्याचे आईवडील. पसंती जवळजवळ झालेली. मी मिक्सरवर आंब्याचा रस फिरवतेय, बैठकीत यांनी पाहुण्यांसाठी भाड्याचा मोठा कूलर लावलाय. मुलाची आई पेढ्यांचा डबा घेऊन आत येतात, अनवाणी, आणि फ्रिजकडे हात नेतात. मी किंचाळले, "थांबा! चप्पल घाला!" त्या बिचाऱ्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. स्वयंपाकघरात चप्पल, तीही देवाखालची! काही बोलणार तोच बोर्डातून तडतड आवाज आला, पट्टी धुमसायला लागली आणि जळक्या रबराचा वास सुटला. मी बादली उचलली. विहीणबाईंनी माझा हात धरला. "पानी नोका टाकू ओ बाई, करंटनं चिकटान! अरे, मेन पाड पयले!" त्यांच्या मुलाने सोवळ्याच्या चपलेत पाय कोंबले, तुमचा चाटू घेतला आणि मेन स्विचचा दांडा खाली पाडला. यांनी अंगणातल्या ढिगातली रेती टोपल्याने आणून फेकली. देव्हाऱ्यामागची भिंत काळी झाली, रसात रेती गेली. तिथे टांगलेलं कॅलेंडर पेटलं असतं, तर वरच्या लाकडी माळ्याला किती वेळ लागला असता?

सगळे अंगणात लिंबाखाली येऊन बसलो. लग्न मोडलं असं धरून मी डोळे पुसत होते. तर विहीणबाई म्हणतात कशा, "तुमचा फ्रिज चावते काय? आमच्या घरी तं नळ चावते." त्यांच्याकडेही सासऱ्यांच्या वेळची फिटिंग. मग दोघी इतक्या हसलो की यांना वाटलं धूर डोक्यात गेला.

तुमची नात हसली नाही. सगळ्यांसमोर उभी राहून म्हणाली, "माझी एकच अट आहे. आधी फिटिंग बदला, मग तारीख काढा. मी नळाला घाबरत संसार करणार नाही." यांनी डोळे वटारले. मुलाचे वडील खाकरले, "पोरी, आजपर्यंत कोनी मेलं नाही." मुलगा म्हणाला, "बाबा, कोनी मराची वाट पाहून राह्यलो काय आपुन?" आणि तिच्या बाजूला जाऊन उभा राहिला. तेव्हाच मला जावई पसंत पडला.

दोन्हीकडची कामं झाली, मग हळद लागली. आपल्याकडे पट्टी उघडली तेव्हा वायरींवरचं रबर खारी बिस्किटासारखं हातात चुरलं. भिंतीत जागोजागी जळके डाग निघाले, म्हणजे आग याआधीही पेटून आपोआप विझली होती. हे एकेक डाग बोटाने मोजत राहिले. आता अर्थिंग आहे, नवीन खटके आहेत, जास्त भार झाला की टपकन पडतात. मी अनवाणी फ्रिज उघडते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. मामंजींच्या हातची पट्टी आणि बटणं उतरत होती तेवढे दिवस तुमचा फोटो मी शेजारच्या काकूंकडे नेऊन ठेवला होता. धूळ बसेल, असं सगळ्यांना सांगितलं. धुळीचं काही नव्हतं, आई.