विचारायचं की विचार करायचा

सिस्टर, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, पण तुमच्यावरचा माझा राग काही जात नाही. चाकणच्या पुढं एका नर्सिंग कॉलेजात मी शिकवते. विषय कोणता, तर नर्सनं स्वतः विचार करून निर्णय कसा घ्यायचा. हसाल तुम्ही. आम्ही तुमच्या हाताखाली शिकत होतो तेव्हा तुम्ही एकच धडा घोटून घेतला होता, "सिस्टरनं विचारायचं, विचार करायचा नाही." एकदा एका डोसबद्दल मी "पण का?" म्हटलं, तर भर वॉर्डात म्हणालात, "डोकं हॉस्टेलवर ठेवून ये. इथं हात लागतात." आणि मला ताप भरला तेव्हा मऊ भात घेऊन तुम्हीच खोलीवर आलात. धड रागावूही दिलं नाहीत.

परवा माझ्या एका विद्यार्थिनीवर बालंट आलं. महाळुंग्याची पोर, बाप कंपनीत प्रेस मशीनवर. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्या पेशंटला रोजचं इन्शुलिन द्यायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. हिनं आधी शुगर तपासली, ती आधीच कमी निघाली; इन्शुलिननं आणखी उतरली असती. इंजेक्शन हातात तसंच ठेवून हिनं डॉक्टरांना फोन केला. म्हणजे विचारलंसुद्धा, बरं का! पेशंटला काही झालं नाही. डॉक्टरांना मात्र झालं. "तू डॉक्टर आहेस का? माफी माग, नाहीतर वॉर्डात पाऊल टाकायचं नाही." वॉर्ड बंद म्हणजे पोरीचं वर्ष गेलं. बाप शिफ्ट सोडून धावत आला. "पोरीला न्हाई कळलं, मॅडम. माफी मागंल ती. पर तिचं वरीस घालवू नगा." त्याला काय सांगणार, की कळलं फक्त तिलाच होतं?

प्राचार्य म्हणाले, तुम्हीच मिटवा. वर्गात तावातावानं बोलणारी मी, निमूटपणे तिला डॉक्टरांच्या केबिनमध्ये घेऊन गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी द्यायला मी. डॉक्टर मोबाइलमध्ये बघतायत. पोर मान ताठ ठेवून म्हणते, "सॉरी सर. मी विचार केला."

"हं. परत करू नकोस," डॉक्टर म्हणाले. मोबाइलमधून मान वर केली नाही. तिचं वर्ष वाचलं. मला तिचा केवढा अभिमान वाटला, हे मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना रंगवून सांगितलं. हे पत्र कुणाला जायचं नाही, म्हणून तुम्हाला तेवढं खरं सांगते. 'सॉरी सर'च्या पुढं तिनं तोंड उघडलं, तेव्हा मी मागून तिचा एप्रन ओढला होता, गप्प बस म्हणून.