जावईबापूंचा खुराक

रविवार, ५ जानेवारी
आणि सगळ्यांत आधी वर कोण आलं असेल? सूनबाई! एरवी ती गाडीतच बसून राहते, म्हणते आई, खाली गाडी लावायला जागा नसते. आज मात्र तिलाच घाई. मागून मुलगा, पुठ्ठ्याचं खोकं छातीशी धरून. शेवटी नात, काचेची पेटी घेऊन, आणि पेटीत सरडा. खरा! जिवंत! मी आधी किंचाळले, मग विचारलं, जेवला का?

नात म्हणाली, आजी, तो फक्त जिवंत रातकिडे खातो. मी म्हटलं, म्हणजे जावईच की गं. दिव्याखाली ऊब घेत बसायचं, हलायचं नाही, आणि पुढ्यात सगळं ताजं पाहिजे. तेव्हापासून त्याचं नाव जावईबापू. सूनबाईसुद्धा हसली. खोकलीही असेल, पण मी हसली असंच धरते.

तर झालंय असं, दुकानदाराने रातकिडे ठेवणं बंद केलंय. घरी वाढवायचे तर सूनबाई म्हणते, ते तरी राहतील नाहीतर मी तरी. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी मागची खोली ह्यांच्या पश्चात रिकामीच आहे. ठरलं, खोक्यातून आणलेले किडे मी वाढवायचे आणि त्यांनी दर रविवारी न्यायला यायचं. दर रविवारी! मी काही मागितलं नव्हतं हं. मी एकटी मजेत असते. मुक्या जिवासाठी हो म्हटलं, एवढंच.

मंगळवार, ७ जानेवारी
कारखाना सुरू. मोठा प्लास्टिकचा डबा, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावले. लपायला आवडतं त्यांना, आमच्या धाकट्या दिरासारखं. कोंडा, गाजराचे काप, वाटीत ओला स्पंज. उघडं पाणी ठेवलं तर बुडून मरतात म्हणे, इतके खुळे. ओल्या मातीची वाटी अंडी घालायला. वर बल्ब.

नातीने बजावलंय, झाकणाला लोखंडी जाळीच लाव. आणली होती, पण हात लावून पाहिला तर टोचते. बिचाऱ्यांचे पाय किती नाजूक! माझ्या जुन्या मऊ साडीचा तुकडा बांधून टाकला. पोरीला पुस्तकातलं कळतं, पण लेकरं मी वाढवलीत.

रविवार, १२ जानेवारी
आले! तिघंही! जावईबापूंच्या दोन डोळ्यांमध्ये जेवढं अंतर तेवढाच किडा द्यायचा, त्याहून मोठा नाही, नाहीतर अडकतो. मी निवडून निवडून दिले. नात म्हणाली, आजी, तू एक्स्पर्ट आहेस. हे वाक्य दिवसभर तोंडात घोळवतेय.

शनिवार, २५ जानेवारी
पिल्लं फुटली!! मातीतून मुंग्यांएवढी, शेकड्याने. आनंदाने फोन केला. सूनबाई मीटिंगमध्ये होती. मुलाला केला, तो म्हणाला, बरं. बरं म्हणजे काय? बाळंतपण झालंय इथे!

रविवार, ९ फेब्रुवारी
आज बापलेकच आले. सूनबाईला कणकण आहे. काळजी वाटली, फोन केला, तर मागे सिनेमागृहासारखा आवाज. आजकाल टीव्ही फार मोठे निघालेत.

नात म्हणाली, आजी, महिन्याभराचे एकदम दे ना. मी म्हटलं, एकदम दिले की मरतात. खोटं नाही सांगितलं, मरतात कधी कधी. आणि एकदम दिलेल्या वस्तूची किंमत राहत नाही. आठवड्याचे ते आठवड्याचेच, हा आपला नियम.

संध्याकाळी नर गायला लागतात. पंख घासून करतात म्हणे. मी हल्ली टीव्ही लावत नाही, घर बोलत असतं. त्यांना सांगते सगळं, आज भाजी कशी झाली, पाय कुठे दुखला. ऐकतात. मी जवळ गेले की गप्प होतात, म्हणजे ऐकतातच.

रविवार, २३ फेब्रुवारी
मुलगा एकटाच. दारातूनच डबा घेतला, खाली गाडी चालू ठेवलीय म्हणाला. बस म्हटलं तर म्हणाला, आई, पेट्रोल जळतंय. काटकसरी आहे, माझ्यावर गेलाय.

नातीची परीक्षा जवळ आली. अभ्यास महत्त्वाचा. मीच तिला सांगणार होते येऊ नकोस म्हणून.

रविवार, ९ मार्च
आज पार्सलवाला आला डबा न्यायला. मुलाने पाठवलेला. फार सभ्य माणूस. त्याला बसवला, पाणी दिलं, किड्यांचं सगळं समजावलं, नर कोणता, मादी कोणती. बिचारा हेल्मेट न काढताच ऐकत होता. डब्याबरोबर नातीसाठी खाऊही दिला. संध्याकाळी मेसेज आला, डबा मिळाला. खाऊचं लिहायचं राहिलं असेल.

रविवार, १६ मार्च
पुन्हा पार्सलवाला, पण हा वेगळा. ह्याला किडे म्हटल्यावर डबा हातभर लांब धरून नेला.

शुक्रवार, २१ मार्च
बेत ठरला. या रविवारी द्यायचेच नाहीत. किडे तयार नाहीत म्हणून कळवते. जावईबापूंची उपासमार म्हटल्यावर येतील की नाही धावत सगळे! ही काही लबाडी नाही. आठवण करून देणं आहे.

रविवार, २३ मार्च
कोणी आलं नाही. दुपारी नातीचा मेसेज. आजी, टेन्शन नको घेऊस, आता एक ऑनलाइन दुकान मिळालंय, दर आठवड्याला घरपोच पाठवतात, तू दमली असशील.

मी लिहिलं, दुकानातले शिळे असतात. तिने अंगठा पाठवला.

जातील चार दिवस. जावईबापूंना बाहेरचं जेवण पचलं नाही की येतील.

रविवार, ३० मार्च
पचतंय वाटतं. आमचा माल मात्र इतका वाढलाय की डबा बाहेरूनसुद्धा हलतो. खाणार कोणी नाही आणि पैदास थांबत नाही.

बुधवार, २ एप्रिल
साडी खाल्ली! झाकणावरच्या तुकड्याचं भोक झालंय आणि मंडळी घरभर. कपाटात, चपलेत, साखरेच्या डब्यामागे. नातीची जाळी पलंगाखाली पडलीय, पण आता ती बांधून काय उपयोग, वरात निघून गेल्यावर? खालच्या मजल्यावरच्या बाई आल्या. त्यांच्या न्हाणीघरात दोघं गातायत. त्या फार तारस्वरात बोलल्या. मुलाचा नंबर मागितला, दिला.

रविवार, ६ एप्रिल
सगळे आले! तिघंही एकदम! पायात बूट तसेच. मुलगा म्हणाला, आई, हे काय करून ठेवलंस? सूनबाई खुर्चीवर उभी राहिली. नातीने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, आजी, मी जाळी सांगितली होती ना गं. मी सगळ्यांना चहा विचारला. तेवढ्यात साखरेच्या डब्यातून एकजण निघाला, मग चहा राहिला.

मुलाने औषध मारणाऱ्याला फोन लावला. रातकिड्यांचं वाईट वाटतंच. इतके दिवस सोबत होती, माझं किती ऐकून घेतलं. पण औषध मारल्यावर चार तास घरात कोणी थांबायचं नसतं, म्हणून मुलगा सुट्टी टाकणार आणि माझ्याबरोबर बागेत बसणार. नातीलाही त्या दिवशी क्लास नाही, ती येणार. सूनबाई म्हणाली, बघते. मी फोन घेऊन त्या माणसाला हळूच विचारलं, भाऊ, सहा तास बाहेर राहिलं तर जास्त चांगलं ना? तो म्हणाला, आजी, चार पुरे. परत मारावं लागतं का विचारलं, तर म्हणाला, गरज पडली तर.

गुरुवारी, दहा तारखेला, सकाळी अकराला येतो म्हणालेत.